सप्लाय टीचरला ऑगस्टचा पगार का मिळत नाही? इंग्लंडमधल्या बदली आणि अर्धवेळ शिक्षकांच्या सुट्टीच्या पैशांचा हिशेब

प्रश्न: मी नाशिकला गणित शिकवत होते. आता लेस्टरला आहे, क्यूटीएस (इथली शिक्षकाची अधिकृत पात्रता) मिळालं आहे आणि एका एजन्सीमार्फत सप्लाय टीचर म्हणून काम करते. दिवसाला १५० पौंड ठरले होते. पे-स्लिपवर मात्र मूळ पगार १३३.८४ आणि ‘हॉलिडे पे’ १६.१६ असं दिसतं. ऑगस्टमध्ये हातात काहीच पडलं नाही. शेजारची मैत्रीण शाळेत आठवड्याला तीनच दिवस जाते, तरी तिला ऑगस्टचा पगार मिळाला. बहीण संगीत विभागात तासावर तबला शिकवते, तिचा हिशेब आणखीच वेगळा. एजन्सी माझे पैसे खाते आहे का?

उत्तर: ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी एजन्सीने कायदा मोडलेला दिसत नाही. पण दिवसाला १५० पौंड हा दर तुमच्या पात्रतेला कमी आहे, आणि तो वाढवून घ्यायचा रस्ता कायद्यातच आहे. मी इथे बरीच वर्षं शाळांच्या पगारपत्रकांचं काम केलं, आता शिक्षक संघटनेत अशाच तक्रारी बघते. दर सप्टेंबरमध्ये हाच प्रश्न घेऊन कोणीतरी येतं, आणि बहुतेकींचा ऑगस्ट उसनवारीत गेलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुट्टीच्या पगाराचा हक्क सगळ्यांना आहे. १९९८ च्या वर्किंग टाइम रेग्युलेशन्सप्रमाणे काम करणाऱ्या प्रत्येकाला वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी सुट्टी मिळते. कायम असो, अर्धवेळ असो, एजन्सीची असो, एकाच दिवसापुरती बोलावलेली असो. फरक पडतो तो पैसे कधी आणि कोणत्या रूपात मिळतात यात, आणि ते ठरतं कागदावर तुमचा मालक कोण आहे यावर. तुमची मैत्रीण शाळेची नोकर आहे, बहीण संगीत विभागाची, तुम्ही एजन्सीच्या. तिघी एकाच इमारतीत शिकवत असलात तरी हिशेब तीन तऱ्हांचे होणार.

आधी तुमची पे-स्लिप घेऊ. १२.०७ टक्के हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो येतो कुठून? वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून सुट्टीचे ५.६ वजा केले की कामाचे ४६.४ उरतात. ५.६ ला ४६.४ ने भागलं की १२.०७ टक्के. म्हणजे कामाच्या प्रत्येक १०० पौंडांमागे सुट्टीचे १२ पौंड ७ पेन्स. आता १५० ला १.१२०७ ने भागा: १३३.८४ मूळ पगार येतो, उरलेले १६.१६ सुट्टीचे. बेरीज १५०. गणिताच्या शिक्षिकेला मी हे सांगायला नको, पण यातली मेख लक्षात घ्या. एजन्सीने १५० वर सुट्टीचे पैसे वेगळे दिले नाहीत, १५० च्याच पोटातून काढून दाखवले. तुमचा खरा रोज १३३.८४ आहे. फोनवर दर ठरला तेव्हा ‘सुट्टी धरून की सुट्टी वेगळी’ हे विचारलं गेलं नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. मी पाहिलेल्या प्रकरणांत तरी बहुतेक वेळा असंच घडतं.

दर आठवड्याच्या पगारातच सुट्टीचे पैसे देण्याच्या या पद्धतीला इथे ‘रोल्ड-अप हॉलिडे पे’ म्हणतात. २००६ मध्ये युरोपियन न्यायालयाने ती बेकायदा ठरवली होती. माणूस हातात आलेले पैसे खर्च करून टाकतो आणि मग विश्रांतीच घेत नाही, असा त्यामागचा विचार होता, आणि मला तो आजही बरोबर वाटतो. तरी एजन्सी ती पद्धत वापरतच राहिल्या. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने नियम बदलला. १ एप्रिल २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजा-वर्षांसाठी (रजा मोजायला मालक धरतो ते वर्ष) दोन प्रकारच्या कामगारांना असे पैसे देणं आता कायदेशीर आहे: ज्यांच्या करारानुसार कामाचे तास सतत बदलतात ते, आणि ज्यांना वर्षातले काही आठवडे काम नसतं व त्याचा पगारही नसतो ते. एजन्सीचा सप्लाय टीचर साधारणपणे यातल्या एका तरी प्रकारात बसतोच. मात्र अटी आहेत. सुट्टीची रक्कम कामाच्या पगाराबरोबरच दिली पाहिजे, किमान १२.०७ टक्के असली पाहिजे आणि पे-स्लिपवर स्वतंत्र ओळीत दिसली पाहिजे. तुमच्या स्लिपवर ती ओळ आहे. एखादीच्या स्लिपवर नुसतं ‘५ दिवस गुणिले १५०’ असेल आणि विचारल्यावर ‘त्यात सुट्टी आलीच’ असं उत्तर मिळत असेल, तर तिथे कायदा मोडला गेला आहे.

तर मग ऑगस्ट कोरडा का गेला? कारण ऑगस्टचे पैसे तुम्हाला कामाला लागल्यापासून दर आठवड्याला मिळत होते. वर्षात १५० दिवस काम केलं असेल तर १६.१६ च्या हिशेबाने २,४२४ पौंड सुट्टीचे म्हणून येऊन गेले, आणि घरभाड्यात व किराण्यात मिसळले. माझा आग्रहाचा सल्ला आहे, दुसरं बचत खातं उघडा आणि पगार झाला की ‘हॉलिडे पे’च्या ओळीतला आकडा, कर वजा जाता जो असेल तो, त्याच दिवशी तिकडे वळवा. ऑक्टोबरमधली सत्राच्या मध्यावरची सुट्टी, नाताळ, फेब्रुवारी, ईस्टर, मे आणि उन्हाळा मिळून शाळा वर्षाला साधारण तेरा आठवडे बंद असतात. सुट्टीचे पैसे ५.६ आठवड्यांचेच आहेत. उरलेल्या सात-साडेसात आठवड्यांची तरतूद कामाच्या पगारातूनच करावी लागते, हे पहिल्याच वर्षी कळलेलं बरं.

काही एजन्सी दुसरी पद्धत वापरतात. सुट्टीचे पैसे स्वतःकडे साठवतात आणि तुम्ही मागाल तेव्हा देतात. शिस्त नसलेल्या माणसाला ही पद्धत सोयीची वाटते, पण मला तिची जास्त धास्ती आहे. रजा-वर्ष संपेपर्यंत मागणी केली नाही तर ‘आता ते पैसे बुडाले’ असं सांगणारे मी पाहिले आहेत. रजा-वर्ष कधी संपतं हेच अनेकींना माहीत नसतं; कुठे ते ३१ मार्चला संपतं, कुठे ३१ ऑगस्टला, कुठे तुम्ही रुजू झालात त्या तारखेच्या आदल्या दिवशी. नियम असा आहे की मालकाने सुट्टी घ्यायची वाजवी संधी दिली नसेल, सुट्टी घ्या म्हणून सांगितलं नसेल किंवा न घेतल्यास ती बुडेल याची कल्पना दिली नसेल, तर सुट्टीचा हक्क पुढच्या वर्षात नेता येतो. आणि एजन्सी सोडताना शिल्लक सुट्टीचे पैसे मिळालेच पाहिजेत. पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार आणि कराचा दाखला) हातात पडल्यावर ‘संपला व्यवहार’ म्हणून फाइल बंद करू नका, साठलेल्या रकमेचा आकडा लेखी मागा.

आता १५० च्या दराबद्दल. शाळा किंवा कौन्सिल जेव्हा सप्लाय टीचरला थेट नेमते आणि शाळा सरकारी वेतनश्रेणी पाळणारी असते, तेव्हा रोजचा पगार वार्षिक पगाराचा १९५ वा भाग असतो. १९५ म्हणजे शिकवण्याचे १९० दिवस आणि प्रशिक्षणाचे ५. लंडनबाहेर सप्टेंबर २०२५ पासून मुख्य श्रेणीची पहिली पायरी ३२,९१६ पौंडांची आहे. भागिले १९५, म्हणजे रोजचे १६८.८०. या रकमेत सुट्टी धरलेली असते, कारण वार्षिक पगार बाराही महिन्यांचा आहे. म्हणून तुलना करताना १३३.८४ आणि १६८.८० शेजारी ठेवू नका. दोन्हीकडे सुट्टी धरा: १५० विरुद्ध १६८.८०. तुमचा तोटा दिवसाला १८.८० पौंडांचा आहे, तोही पहिल्या पायरीवर धरून. नाशिकचा अनुभव धरून वरची पायरी द्यायची की नाही हे शाळा ठरवते, पण मागायला हरकत नाही.

हा तोटा भरून काढायची वाट २०१० च्या एजन्सी वर्कर्स रेग्युलेशन्समध्ये आहे. एकाच शाळेत, एकाच प्रकारच्या कामावर बारा कॅलेंडर आठवडे झाले की तेराव्या आठवड्यापासून तुमचा पगार आणि सुट्टी, शाळेने थेट नेमलेल्या शिक्षकाच्या बरोबरीची असली पाहिजे. आठवड्यात एकच दिवस गेलात तरी तो आठवडा मोजला जातो. शाळेच्या सुट्ट्यांत मोजणी थांबते, पण पुन्हा शून्यावर येत नाही. सुट्टी संपली की पुढे चालू. हे मुद्दाम सांगते, कारण ‘नाताळच्या सुट्टीमुळे तुमचे आठवडे पुसले गेले’ असं काही जणींना सांगितलं गेलं होतं. ते खोटं आहे. शाळा बदलली तर मात्र मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून अकराव्या आठवड्यात एजन्सी अचानक ‘दुसरी जास्त छान शाळा आहे’ म्हणू लागली तर कॅलेंडर काढून बघा. शाळेला तुम्ही हव्या असाल तर मुख्याध्यापकांशी सरळ बोला.

तुमच्या स्लिपवर अम्ब्रेला कंपनीचं नाव आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर गोष्ट आणखी गुंतते. एजन्सी स्वतः पगार न देता एका तिसऱ्या कंपनीकडे तुम्हाला ‘नोकरीला’ लावते. मग जाहिरातीत दिसणारा दर हा तुमचा पगार नसतो. तो त्या कंपनीला मिळणारा पैसा असतो, आणि त्यातून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेचा हप्ता, एप्रिल २०२५ पासून १५ टक्के), मालकाचा पेन्शनचा वाटा, अप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणार्थींसाठीचा सरकारी आकार) आणि कंपनीचं स्वतःचं कमिशन आधी कापलं जातं. जे उरतं त्याचे मूळ पगार आणि सुट्टीचे पैसे असे दोन भाग होतात, आणि त्यावर तुमचा स्वतःचा कर वेगळा. त्यामुळे १८० चा अम्ब्रेला दर आणि १५० चा सरळ दर यांत दुसरा जास्त चांगला असू शकतो. एप्रिल २०२० पासून एजन्सीने काम स्वीकारण्यापूर्वी ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ द्यावंच लागतं. ते दोन पानांचंच असतं. त्यात कोण पगार देणार, काय काय कापलं जाणार, सुट्टी किती, आणि नमुन्याचा हिशेब असतो. सही करण्यापूर्वी ती दोन पानं वाचा, बाकीचा करार मग सावकाश वाचला तरी चालेल.

मैत्रिणीची गोष्ट सोपी आहे. आठवड्याला तीन दिवस म्हणजे पूर्णवेळच्या ०.६. पहिल्या पायरीवर असेल तर वर्षाला १९,७४९.६० पौंड, बारा समान हप्त्यांत महिन्याला १,६४५.८०. तिला ऑगस्ट फुकट मिळत नाही. सप्टेंबर ते जुलै केलेल्या कामाचाच एक हप्ता ऑगस्टमध्ये पडतो. कायद्याने तिची भरपगारी सुट्टी ५.६ गुणिले तीन, म्हणजे १६.८ दिवस, शाळेच्या तेरा आठवड्यांच्या सुट्टीत ती सहज बसते. तिने फक्त एकच बघायचं: तिची टक्केवारी शाळेच्या वेळापत्रकाच्या आठवड्यावरून काढलेली आहे ना. अर्धवेळ शिक्षिकेला मीटिंगसाठी, पालकसभेसाठी ‘सुट्टीच्या’ दिवशी बोलावणं सर्रास चालतं, आणि त्या वेळेचे पैसे मागायला लाज वाटू देऊ नये.

तुम्हाला पुढे कधीतरी एखादी शाळा बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी मुदतीच्या करारावर घेईल, म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. करार कोणत्या तारखेला संपतो ते बघा. इथे शिक्षकांचं वर्ष तीन सत्रांचं धरतात आणि उन्हाळी सत्र १ मे ते ३१ ऑगस्ट असतं. कायम शिक्षक ३१ मेपर्यंत राजीनामा देऊन ३१ ऑगस्टपर्यंतचा पगार घेतो. मुदतीच्या शिक्षकाचा करार मात्र अनेकदा शाळेच्या शेवटच्या दिवशी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संपवला जातो. वर्षभर शिकवलं, परीक्षा पार पाडल्या, रिपोर्ट लिहिले, आणि सुट्टी लागली त्या दिवशी पगार बंद. त्यात सप्टेंबरला पुन्हा त्याच शाळेत बोलावणं. हे वाचताना महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवलेल्या कोणालाही आपले मे-जून आठवतील. १९८५ मध्ये रतनलाल विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रथेवर बोट ठेवलं होतं. सत्र सुरू होताना हंगामी शिक्षक नेमायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काढायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेमायचे, असं हरियाणा सरकार करत होतं. या शिक्षकांना सुट्टीच्या काळाचाही पगार द्या, असा आदेश न्यायालयाने दिला. तरी महाराष्ट्रातले तासिकेवरचे प्राध्यापक आजही सुट्टीत बिनपगारी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. इंग्लंडमध्ये तुमच्या हातात २००२ चा कायदा आहे: मुदतीच्या नोकराला तशाच कामावरच्या कायम नोकरापेक्षा सबळ कारणाशिवाय कमी दर्जाची वागणूक देता येत नाही. पण भांडण टाळायचं तर ऑफर आल्याबरोबर, सहीच्या आधी, ‘करार ३१ ऑगस्टपर्यंतचा असावा’ असं लिहून कळवा. तेव्हा शाळेला तुमची गरज असते आणि होकार मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. शिवाय थेट नोकरीत सरकारी टीचर्स पेन्शन स्कीम मिळते, जिच्यात मालकाचा वाटा २८.६८ टक्के आहे. एजन्सीच्या शिक्षकाला ती मिळत नाही. माझ्या मते एजन्सीत राहण्याचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे, सुट्टीच्या पैशांपेक्षाही मोठा.

आता तुमच्या बहिणीचा तबला. या विषयावरचा इथला सगळ्यात गाजलेला खटला संगीत शिक्षिकेचाच आहे. बेडफर्ड गर्ल्स स्कूलमध्ये सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट शिकवणाऱ्या मिसेस ब्रेझेल यांचा करार कायम होता, पण तास अनिश्चित आणि काम फक्त सत्रात. शाळा चालवणाऱ्या हार्पर ट्रस्टने २०११ पासून त्यांना सत्राच्या कमाईवर १२.०७ टक्के सुट्टीचा पगार द्यायला सुरुवात केली. मिसेस ब्रेझेल यांचं म्हणणं साधं होतं: १२.०७ हा आकडा ४६.४ आठवडे काम धरून काढलेला आहे, मी बत्तीस ते पस्तीस आठवडेच शिकवते, मग तो मला कसा लागू होईल? कायदा म्हणतो ५.६ आठवड्यांचा सरासरी पगार, तर तेवढा द्या. २० जुलै २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

फरक किती पडतो ते बघा. तुमची बहीण ३३ आठवडे शिकवते आणि आठवड्याला ३०० पौंड मिळवते असं धरू. वर्षाची कमाई ९,९००. ब्रेझेल पद्धतीने सुट्टीचे पैसे ५.६ गुणिले ३००, म्हणजे १,६८०. १२.०७ टक्क्यांनी १,१९४.९३. वर्षाला ४८५ पौंडांचा फरक! दुर्दैवाने सरकारने २०२४ च्या बदलात हा निकाल पुढच्या काळासाठी निष्प्रभ केला आणि अशा शिक्षकांना १२.०७ टक्केच लागू केले. माझ्या मते हा अन्याय आहे. वर्षातले एकोणीस आठवडे बिनपगारी बसणाऱ्या माणसाच्या ताटातूनच हे पैसे काढले गेले.

तरी बहिणीने दोन गोष्टी तपासाव्यात. एक, तिचा पगार बारा महिन्यांत समान हप्त्यांनी मिळतो का? तसं असेल तर तिला ‘बिनपगारी आठवडे’ नाहीत. तास ठरलेले असतील तर ती २०२४ च्या त्या व्याख्येत बसत नाही, आणि ५.६ आठवड्यांचा पूर्ण हक्क शाबूत राहतो. दुसरं, करारात कायद्यापेक्षा जास्त काही लिहिलं आहे का? कायदा किमान ठरवतो. करारात जास्त दिलं असेल तर ते पाळावं लागतं. आणि ती आजारी पडली किंवा बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर त्या काळातही सुट्टी साठत राहते. ती आधीच्या ५२ आठवड्यांच्या सरासरीवरून काढतात. आपल्या मुली हा भाग मागतच नाहीत, म्हणून लिहिलं.

तुम्ही आता काय करायचं? फोन करू नका, ईमेल करा. एजन्सीतला माणूस फोनवर गोड बोलतो आणि महिन्याभरात बदलतो. ईमेलमध्ये पाच गोष्टी विचारा. माझा रोजचा दर सुट्टी धरून आहे की सुट्टी वेगळी? सुट्टीचे पैसे कोणत्या टक्क्याने आणि कोणत्या रकमेवर काढता? माझं रजा-वर्ष कोणत्या तारखेला सुरू होतं? आजपर्यंत काही रक्कम साठलेली आहे का, असल्यास किती? आणि सध्याच्या शाळेत माझे बारा आठवडे कोणत्या तारखेला पूर्ण झाले किंवा होतील? शेवटचा प्रश्न मुद्दाम घाला. तो विचारणाऱ्या शिक्षिकेला नियम माहीत आहेत हे त्यांना लगेच समजतं. सात दिवसांत उत्तर मागा, आणि तोपर्यंत जुन्या सगळ्या पे-स्लिप पोर्टलवरून उतरवून स्वतःकडे ठेवा. नोकरी सुटली की पोर्टलचा पासवर्ड बंद होतो.

उत्तर आलं नाही किंवा आकडे जुळले नाहीत, तर शिक्षक संघटनेकडे जा. सप्लाय टीचरलाही सभासद होता येतं. त्यानंतर एकास (Acas) या नोकरीतले तंटे मिटवणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे ‘अर्ली कन्सिलिएशन’ची, म्हणजे दाव्याआधीच्या समेटाची, नोंद करावी लागते, ती विनामूल्य आहे. तिच्याशिवाय एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलमध्ये (नोकरीविषयक न्यायाधिकरणात) दावा दाखल होत नाही. ट्रायब्यूनललाही २०१७ पासून फी नाही. मुदत मात्र आखूड असते: शेवटची चुकीची कपात झाली त्या तारखेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी. ही मुदत वाढवण्याचा कायदा मंजूर झाला आहे, पण तुम्ही तीन महिनेच धरून चाला. मागच्या चुकांची वसुलीही साधारण दोन वर्षांपर्यंतचीच होते. तुमच्या बाबतीत मी सर्वात आधी बारा आठवड्यांची तारीख शोधेन. ती उलटून गेलेली असेल आणि दर अजून १५० च असेल, तर त्या तारखेपासूनचा फरक मागता येतो, आणि ते पत्र याच आठवड्यात गेलं पाहिजे.